अक्षरामागं दोन रुपये

पाटी सहा बाय चार. निळी जमीन, पांढरी अक्षरं.
अक्षरामागं दोन रुपये ठरले.
ग्रामसेवक कोरे म्हणाले, काना-मात्रा-टिंब धरायचं नाही.
मी म्हणालो, साहेब, वेलांटीलाच रंग जास्ती जातो.
ते हसले, आणि अर्धा चहा सांगितला.

सरपंच महानंदाबाईंनी चिठ्ठी दिली. पाच ठिकाणं.
मंदिर, दर्गा, बारव, वीरगळ, शाळा.
शाळा कशाला, ती तर सगळीकडंच असते.
म्हणाल्या, लालसाब, मी तिथं चौथीपर्यंत शिकले.
मग लिहिली शाळा.

वीरगळ बघून आलो आधी, पिठाच्या गिरणीमागं.
खाली गाई, मधे लढाई, वर चंद्र-सूर्य.
गावानं तीन पिढ्या त्याच्या कडेला विळे लावलेत,
त्याची तलवार झिजली
आणि आमची ज्वारी कापली गेली.
पायाशी दोन ओळी, जुन्या कानडीत.
वाचता येईना म्हणून मोजल्या. एकेचाळीस अक्षरं.
ब्याऐंशी रुपये, सवयीनं मनात आलं.
त्याला कुणी दिले असतील,
आणि कुठल्या मापानं.

फाट्यावर शिडी लावली तसं गाव यायला लागलं.
शरणव्वा आली, सुपात विड्या, तोंडात पान.
रेल्वेगेटची बाभळ लिही म्हणाली,
मालगाडी थांबायची, डायवर पाणी मागायचा.
बाभळ कुठाय आता?
बाभळ नाही रे. जागा आहे की.

पोरं म्हणाली, टाकीची तिसरी पायरी लिवा,
तिथंच रेंज येती.
एकानं त्याच्या म्हशीचं नाव सांगितलं.
मी ब्रश धुवायला खाली उतरलो तर
भीमण्णा उभा, काठीवर दोन्ही हात.
खडीची रास, म्हणाला.
एवढंच.

बहात्तर साली फोडलेली. सडक होणार होती.
बाया-माणसं हारीनं बसायची, उन्हात,
मुकादम फूटपट्टीनं मोजायचा, मोठा खडा परत फोडा म्हणायचा.
मग पाऊस आला, सडकेनं दुसरी वाट धरली,
खडी न्यायला कुणी आलंच नाही.
तिच्यावर तरवड फुललाय आता, पिवळा,
साप राहतात, उन्हाळ्यात शेरडं चढून बसतात.
परगावचा माणूस टेकडीच म्हणतो तिला.

माझी अम्मी होती त्या हारीत.
कुठला खडा तिचा, हे मी लहानपणी शोधायचो,
सगळ्यात बारीक असेल तो, असं वाटायचं.
भीमण्णाला हे सांगितलं नाही.
त्याची आईही असणार. विचारलं नाही.

चिठ्ठीत जागा नव्हती. पाटीवरही नव्हती.
पाच अक्षरं होतात, दहा रुपये.
दिवस कलला, कोरे मोटारसायकलवरून निघून गेले,
तेव्हा पाटीच्या पाठीमागं गेलो.
तिकडून फक्त गावातून जाणाऱ्याला दिसतं.
उरलेल्या पांढऱ्यात, मोकळ्या हातानं,
रेघ न आखता लिहिलं :
खडीची रास.
बाण काढला नाही. ज्याला माहीत आहे त्याला बाण कशाला,
आणि ज्याला नाही, तो निघालाच आहे.

दुसऱ्या दिवशी कोरेंचा फोन.
लालसाब, अहो गावाचं नावच चुकवलंत!
चिंचघोटीचं टिंब राहिलं होतं.
ते दोन रुपये कापायला निघाले.
मी म्हणालो, टिंब धरायचं नाही, तुम्हीच म्हणाला होता.
तिकडं बराच वेळ काही आवाज नाही.

टिंब द्यायला डबा घेऊन गेलो खरा,
तेवढ्यात अक्कलकोटची गाडी थांबली.
कंडक्टरनं दार आपटलं, पाटीकडं न बघता ओरडला,
चिचघोटी, चिचघोटी उतरा लवकर.
चार बाया उतरल्या, एक कोंबडी, एक पोतं.
कुणाला काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

डब्याचं झाकण परत बसवलं.